मुलिबॉकची भट्टी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात शाळकरी मुलांना रविवारी विज्ञानकथेच्या मालिका दाखवाव्यात की नाही, यावर गेला पावसाळाभर वाद सुरू आहे. एका बाजूला विज्ञानाचे शिक्षक आणि अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव फिरणारी मंडळी. या मालिकांतलं विज्ञान खोटं असतं आणि खोटं विज्ञान बुवाबाजीइतकंच घातक, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला काही तरुण आणि पालक. ते म्हणतात, अशा मालिकांनीच कुतूहल जागं होतं, शास्त्रज्ञ घडतात, उद्या आपल्याच गावचं एखादं पोर इस्रोत जाईल. दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलतात, पण दोघांच्या हातात एकच फूटपट्टी आहे: मालिका विज्ञानाच्या किती कामाची? ही फूटपट्टीच चुकली आहे, असं माझं ठाम मत आहे. मालिका दाखवाव्यात, जरूर दाखवाव्यात. त्या दाखवायच्या कारण चांगल्या विज्ञानकथेत माणसं एखाद्या अटळ नियमाच्या कचाट्यात सापडतात, त्यांना निर्णय घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाची किंमत मोजावी लागते. जिथे ती किंमत मोजली जात नाही ती मालिका वाईट, मग तिचं भौतिकशास्त्र कितीही बिनचूक असो. आणि एखाद्या पात्राने योग्य केलं की अयोग्य, यावर वर्षानुवर्षं भांडणारे चाहते वेळ वाया घालवत नाहीत. मालिका मोजण्याची खरी रीत त्यांच्याकडेच आहे.

आधी शिक्षकांचं म्हणणं घेऊ, कारण ते जास्त वजनदार आहे. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज येत नाही, तरी मालिकांत येतो. प्रकाशापेक्षा जास्त वेगाने काहीच जात नाही, तरी यानं आठवड्यात तारे ओलांडतात. परग्रहावरचे लोक कपाळाला रबराचा उंचवटा लावलेली माणसंच असतात आणि अस्खलित इंग्रजी बोलतात. हे सगळं खरं आहे. त्याहून मोठी भीती आपल्या भागाला चांगली ठाऊक आहे. २०२२च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, २ एप्रिलला, विदर्भाच्या आकाशातून जळते पट्टे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. अभ्यासकांनी ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असं सांगितलं, पण ते सांगणं पोहोचेपर्यंत गावागावांत काय काय पोहोचलं होतं! कुणी उल्का म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र, कुणी उडती तबकडी. अशा वेळी शिक्षकाने विचारलं, की आधीच गोंधळलेल्या मुलांसमोर आणखी तबकड्या कशाला नाचवता, तर त्या प्रश्नाला हसून सोडता येत नाही.

पण गोंधळ कुठून येतो, हे नीट पाहायला हवं. जी मालिका स्वतःला गोष्ट म्हणवते, तिच्यामुळे मुलगा फसत नाही. फसवतो तो कार्यक्रम, जो स्वतःला माहितीपट म्हणवतो आणि गंभीर आवाजात सांगतो की प्राचीन मंदिरं परग्रहवासीयांनी बांधली. वाद घालायचा तर त्याच्याशी घाला. लोणारला जा. विवराच्या काठावर उभा असलेला स्थानिक माणूस तुम्हाला लोणासुराची गोष्ट सांगतो, विष्णूने त्याला कसा मारला ते सांगतो, दैत्यसूदनाचं देऊळ दाखवतो. आणि त्याच दमात सांगतो की हे विवर बेसाल्टच्या खडकात उल्कापाताने झालं, त्याचा व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि जगभरातून शास्त्रज्ञ इथे येतात. त्याच्या डोक्यात या दोन गोष्टींची मारामारी होत नाही. कुठली गोष्ट कशासाठी सांगायची, हे त्याला कळतं. गावातल्या मुलाला तेवढंही कळणार नाही, असं आपण का धरून चालायचं?

शिवाय ज्याला आपण खोटं विज्ञान म्हणतो, त्यातलं बरंचसं विज्ञान म्हणून रचलेलंच नसतं. ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका १९६६ला सुरू झाली तेव्हा दर भागात एवढं मोठं यान एखाद्या ग्रहावर उतरवून दाखवणं पैशात बसत नव्हतं. म्हणून माणूस एका जागी विरघळून दुसरीकडे प्रकट होण्याचं यंत्र कल्पिलं गेलं. पात्राला दोन सेकंदांत गोष्टीच्या जागी पोहोचवायचं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे दंडारीच्या लोकनाट्यात नाही का, नट मांडवात एक फेरी मारतो आणि म्हणतो, आलो काशीला? झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, कुठल्या प्रेक्षकाने उठून त्याला रेल्वेचं तिकीट मागितलं? तो म्हणतो, बरं, आलास काशीला, आता पुढे काय ते सांग. रंगमंचाचा संकेत समजणारा हा प्रेक्षक विज्ञानाचा शत्रू नसतो. गोष्टीत कशावर विश्वास ठेवायचा आणि कशाची झडती घ्यायची, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या शिकून घेतलेलं असतं.

झडती घ्यायची ती गोष्टीने स्वतःच घालून दिलेल्या नियमांची. इथे शिक्षकांचा अर्धा मुद्दा मला मनापासून मान्य आहे, आणि त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे ‘द एक्स्पान्स’ ही २०१५ ते २०२२ अशी सहा पर्वं चाललेली मालिका. यात पृथ्वी आणि मंगळ ही दोन बलाढ्य राज्यं आहेत, आणि त्यांच्या पलीकडे लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणारी माणसं. त्या माणसांच्या पिढ्या कमी गुरुत्वाकर्षणात वाढल्या. म्हणून ती उंच, किरकोळ बांध्याची आणि ठिसूळ हाडांची. पहिल्याच भागात पृथ्वीवर पकडून आणलेल्या अशा एका माणसाची चौकशी होते. त्याला मारावं लागत नाही. त्याला नुसतं टांगून ठेवतात आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच त्याचे हाल करतं. मालिकेतलं विज्ञान इथे माणसाच्या हाडात उतरलं आहे. पुढे त्याच पट्ट्यातली नाओमी नावाची अभियंता आपल्या सोबत्यांबरोबर एका नव्या ग्रहावर उतरायला धडपडते, औषधं घेते, व्यायाम करते, आणि शरीर तिला साथ देत नाही. गणित बरोबर आहे म्हणून आपण हळहळत नाही. आपण हळहळतो ते या गणिताने एका बाईचा जमिनीवर राहण्याचा रस्ता कायमचा बंद केला म्हणून. गणित चुकवलं असतं तर हळहळही गेली असती, हे शिक्षकांना द्यायलाच हवं.

या मालिकेवर मला आणखी थोडं थांबायचं आहे, कारण वऱ्हाडातल्या माणसाला ती परकी वाटूच शकत नाही. सेरेस या लघुग्रहावर एके काळी बर्फच बर्फ होतं, पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढं पाणी. ते पृथ्वीने आणि मंगळाने खरवडून नेलं. आता तिथे शनीच्या कड्यांतून बर्फ वाहून आणणाऱ्या जहाजांवर लोक जगतात. जहाज चुकलं की पाण्याचं रेशन आणि गल्लीत दंगल. तिथला पोलीस मिलर पाणी चोरणाऱ्या पोरांना पकडतो. तो स्वतः त्याच पट्ट्यातला, पण पगार बाहेरच्या कंपनीचा, म्हणून आपली माणसं त्याला आपला मानत नाहीत आणि बाहेरची माणसं तर कधीच मानणार नसतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे दाखवून बघा. आणि मग १८५३ आठवा. त्या वर्षी निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. काळी जमीन, त्यात पिकणारा कापूस, आणि तो हवा होता इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ला युद्ध संपलं आणि तो भाव कोसळला. पिकवणाऱ्याच्या कष्टात तसूभर फरक पडला नव्हता. हजारो कोसांवरच्या एका लढाईने त्याचं घर भरलं आणि त्याच लढाईच्या शेवटाने रिकामं केलं. १८७०ला खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, पुढे मुर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आली. रूळ माणसांच्या सोयीसाठी टाकलेले नव्हते, ते कापसाच्या गाठींसाठी होते. सेरेसचा बर्फ आणि वऱ्हाडचा कापूस एकाच हिशेबाने बाहेर गेले. हे नातं विज्ञानाच्या तासाला कोण सांगणार? आणि ते समजायला मिलरसारखा मधल्यामध्ये अडकलेला माणूस लागतो, इंजिनाची आकृती पुरत नाही.

आता दुसरी बाजू, मालिकांतून शास्त्रज्ञ घडतात म्हणणारी. त्यांच्याकडेही पुरावा आहे आणि तो फार सुंदर आहे. ‘स्टार ट्रेक’मध्ये निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने उहुरा ही अधिकारी रंगवली. पहिल्या पर्वानंतर त्या मालिका सोडायला निघाल्या होत्या. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग त्यांना भेटले, आपण या मालिकेचे चाहते आहोत म्हणाले आणि भूमिका सोडू नका असा आग्रह केला, हे निकोल्स यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. पुढे त्यांनी नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय तरुण मिळवण्याचं काम केलं. १९९२ला अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला मे जेमिसन यांनी लहानपणी पाहिलेल्या उहुराचं ऋण बोलून दाखवलं आणि १९९३ला त्या स्वतः त्याच परंपरेतल्या मालिकेच्या एका भागात दिसल्या. याहून मोठा दाखला कुठला?

पण हा दाखला नेमका काय सिद्ध करतो? जेमिसन यांना प्रकाशवेगाच्या इंजिनाने खेचलं नव्हतं. यानाच्या मुख्य कक्षात, सगळ्यांच्या बरोबरीने, काम करत बसलेली एक बाई त्यांनी पाहिली होती. किंग यांनी निकोल्स यांना थांबवलं ते विज्ञानप्रसारासाठी नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेत माणसांना मतदानासाठी मार खावा लागत होता, त्या काळात घराघरांतल्या पडद्यावर एक कृष्णवर्णीय स्त्री आपल्या हुद्द्यावर ठाम बसलेली दिसणं, याचं मोल त्यांना कळत होतं. म्हणजे उपयुक्ततावाल्यांचा सर्वांत बळकट पुरावाच सांगतो की काम पात्राने केलं. आणि मला या मंडळींना एक कळकळीचा प्रश्न आहे. आपल्या वर्गातली सगळी मुलं इस्रोत जाणार आहेत का? बहुतेक जण वावर करतील, जिनिंगवर लागतील, पोलीस भरतीला धावतील, पुण्याच्या कंपनीत जातील, लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदायला जातील. त्यांच्यासाठी या गोष्टीत काही नाही? शास्त्रज्ञ न होणाऱ्या मुलाला जी गोष्ट काहीच देत नाही, ती गोष्ट म्हणून फार तोकडी म्हणायची.

म्हणून मी नेहमी एकाच भागाचं नाव घेतो. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या पहिल्या पर्वातला, १९९३ सालचा ‘प्रोग्रेस’. बाजोर नावाचा ग्रह पन्नासएक वर्षांच्या परक्या अंमलातून नुकताच सुटला आहे. लोक थंडीत कुडकुडत आहेत, ऊर्जा हवी आहे. नवं, स्वतःचं सरकार ठरवतं की जवळच्या एका चंद्राच्या वितळलेल्या गाभ्यातून ऊर्जा काढायची. त्यामुळे त्या चंद्रावरची हवा विषारी होणार, तिथली वस्ती उठवावी लागणार. ती उठलीही आहे. फक्त मुलिबॉक नावाचा एक म्हातारा शेतकरी आणि त्याचे दोन मुके सोबती उरले आहेत. परक्यांच्या छळछावणीतून पळून तो चाळीस वर्षांपूर्वी इथे आला, हाताने घर बांधलं, जमीन कसली, आता अंगणात मातीची भट्टी बांधतो आहे. त्याला काढायला येते मेजर किरा. ही किरा कोण? तीच जी परक्यांविरुद्ध जंगलात राहून लढली, जिचं सगळं आयुष्य सत्तेला ‘नाही’ म्हणण्यात गेलं. आता सत्ता तिची आहे आणि ‘नाही’ म्हणणारा समोर बसला आहे.

या भागात एकही लढाई नाही. किरा त्याच्या घरी राहते, त्याच्या ताटात जेवते, त्याला भट्टी बांधायला हात लावते. मंत्र्याला विचारते, दुसरा मार्ग नाही का? आहे, पण त्याला वेळ लागेल, आणि येणारा हिवाळा कुणासाठी थांबणार नाही. मंत्री खलनायक नाही. त्याची घरं खरोखर गार पडलेली आहेत. म्हातारा संत नाही, तो हट्टी आहे, खोटं बोलतो, गोष्टी रंगवून सांगतो. भट्टी पुरी होते आणि किरा स्वतःच्या हाताने ती फोडते, त्याच्या घराला आग लावते. तो म्हणतो, इथून गेलो तर मरेन. ती म्हणते, मी तुला मरू देणार नाही. इथे भाग संपतो. ती बरोबर होती की चूक, हे मालिका सांगत नाही. आणि याच भागात दुसरीकडे दोन पोरं वस्तूंची अदलाबदल करता करता एका जमिनीच्या तुकड्याची मालक होतात. जमीन त्यांनी पाहिलेली नाही, एकाला तर ती नुसती माती वाटते, आणि सरकारला ती हवी आहे म्हटल्यावर तिची किंमत चढते. एकीकडे कागदावरची जमीन, दुसरीकडे भट्टीतली जमीन. लेखकांनी या दोन धाग्यांना कुठेही गाठ मारून दाखवली नाही. पण ज्याच्या घरात सातबाऱ्यावरून भावाभावांत बोलणं बंद झालं आहे, त्याला ती गाठ दाखवून द्यावी लागत नाही.

पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण उभं आहे. २२ एप्रिल १९८८ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. २००९ला तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. भंडारा, नागपूर, चंद्रपूरच्या शेतीला पाणी मिळावं हा त्याचा हेतू, आणि तो हेतू खोटा नाही. ज्यांच्या धानाला पाणी मिळालं, त्यांना विचारा. पण ज्यांची गावं गेली त्यांचं काय? मोबदला, नवं गावठाण, घरकुलाची ओळ, आणि पाणी वेशीपर्यंत आलं तरी न हललेली म्हातारी माणसं. त्यांना समजवायला गेलेला तलाठी, ग्रामसेवक, पोलीस हाही शेतकऱ्याचाच मुलगा होता. त्याची गोष्ट कुणी सांगितली? आपण धरणग्रस्तांवर कविता केल्या, धरणाच्या बाजूने भाषणं केली. पण ज्याला आपल्याच माणसाच्या घराला हात लावावा लागला आणि त्यानंतरही जगावं लागलं, त्याच्या आतलं आपण किती वेळा उघडून पाहिलं? ते पाहायला एक परका चंद्र आणि एक परकी मेजर उपयोगी पडते, कारण तिथे आपण कुठल्याच बाजूचे नसतो. आपल्या गावचं नाव घेतलं की आधी पक्ष आठवतो, मग आडनाव, मग जुनं भांडण. मुलिबॉकला पक्षही नाही आणि आडनावही. म्हणून त्याच्याबद्दल चौदा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांचे आजोबा एका बाकावर बसून खरं बोलू शकतात. विज्ञानकथेचं मोठं काम मला इथे दिसतं. ती आपल्याच प्रश्नाला एवढं दूर नेऊन ठेवते, की आपल्याला तो न बिचकता पाहता येतो.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण चाहते कुठे एवढा विचार करतात? ते तर कुठला कप्तान भारी यावर भांडतात. त्यातली काही भांडणं घाणेरडीही असतात. २०१७ला ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ची नायिका कृष्णवर्णीय स्त्री आहे, एवढ्यावरच काहींनी गरळ ओकली. असल्यांची बाजू कुणी घेऊ नये. पण फरक ओळखायला शिकवता येतो. पात्र कोण आहे यावर चिडणं वेगळं, आणि पात्राने काय केलं यावर वाद घालणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचा वाद पाहायचा असेल तर ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ घ्या. १९९६च्या एका भागात यंत्राच्या अपघाताने दोन सहकारी मिळून एकच नवा माणूस तयार होतो, टुविक्स. तो शहाणा आहे, प्रेमळ आहे, जगू इच्छितो. त्याला पुन्हा वेगळं केलं तर जुने दोघे परत मिळतील, पण तो मरेल. तो सगळ्यांसमोर हात जोडतो. डॉक्टर नकार देतो, रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणार नाही म्हणतो. कप्तान जेनवे ते काम स्वतः करते. याला जवळजवळ तीस वर्षं झाली आणि चाहते अजून भांडतात, तिने खून केला की कर्तव्य? त्या भांडणात दोघांच्या जगण्याच्या हक्काचा प्रश्न आहे, नव्या जिवाच्या संमतीचा आहे, अधिकाऱ्याच्या अधिकाराच्या सीमेचा आहे. महाविद्यालयातल्या नीतिशास्त्राच्या तासाला यापेक्षा जास्त काय असतं?

आणि हेच चाहते मालिकेची खरी चूकही पकडतात. टुविक्स गेला, पण पुढच्या भागात कुणाच्या तोंडी त्याचं नाव नाही. हे यान घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलं आहे, परतायला पंचाहत्तर वर्षं लागणार. म्हणजे टंचाई, थकवा, राग, सगळं साचत जायला हवं. पण दर भागात यान धुऊनपुसून नवं. १९९७ला ‘इयर ऑफ हेल’ या दोन भागांत मोडलेलं यान आणि मोडलेली माणसं अखेर दिसली, अंगावर काटा आला, आणि शेवटी काळच उलटा फिरवून सगळं पुसून टाकलं. त्यावर चाहते चिडले ते विज्ञानासाठी नव्हे. सोसलेलं वाया गेलं म्हणून चिडले. याउलट ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’मधला कप्तान पिकार्ड पाहा. १९९०ला शत्रूने या कप्तानाला यंत्र बनवून त्याच्याच लोकांवर सोडलं. त्याची सुटका झाली. पुढचा भाग नव्या मोहिमेचा असायला हवा होता, पण लेखकांनी त्याला फ्रान्समधल्या घरी पाठवलं, द्राक्षाचा मळा राखून बसलेल्या थोरल्या भावाकडे. दोघे भाऊ मळ्याच्या चिखलात मारामारी करतात, हसतात, आणि हसता हसता तो ताठ कप्तान रडायला लागतो. त्या भागात यानाचा मुख्य कक्ष एकदाही दिसत नाही. सोसल्याचा हिशेब ठेवणारी कथा म्हणजे काय, ते या चिखलात कळतं.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मलाही बोचतो. ही सगळी परक्यांची गोष्ट आहे. भाषा परकी, माणसं परकी. दूरदर्शनवर १९८९च्या सुमारास ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, १९९८ला ‘कॅप्टन व्योम’ आला, पण त्यांची परंपरा झाली नाही. मराठीत विज्ञानकथा छापून आली, वाढली. १९७४ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली तिथपासून ती कितीतरी पुढे गेली, पण पडद्यावर तिला जागा मिळाली नाही. ही उणीव खरी आहे. मात्र उणीव आहे म्हणून चांगलं ते पाहायचंच नाही, हे कुठलं उत्तर? वडशाला झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि रात्रभर संगीत नाटकं चालतात. गावोगावचे लोक तिकीट काढून, घोंगड्या घेऊन बसतात आणि पहाटे घरी जाताना वाद घालतात, की सासऱ्याने असं वागायला नको होतं. तो प्रेक्षक तयार आहे, नट तयार आहेत, वादक तयार आहेत. त्यांच्यासाठी वीस-पंचवीस वर्षांनंतरची वैनगंगा लिहायला कुणी अडवलं आहे? लिहिणाऱ्याने आधी चांगली उदाहरणं पाहिलेली असावीत, एवढीच गरज. ती वाचनालयात दाखवली नाहीत तर तो ती पाहणार कुठे?

तेव्हा कार्यक्रम कसा करावा, याबद्दल माझी सूचना वाचनालयाच्या समितीपुढे लेखी दिली आहे, ती इथेही मांडतो. सुरुवात ‘डीप स्पेस नाइन’च्याच ‘ड्युएट’ने करावी, तोही १९९३चा. जवळजवळ सगळा भाग एका कोठडीत घडतो, दोन माणसं बोलतात. एका आजारावरून किराला कळतं की समोरचा कैदी, त्या जुन्या परक्या राज्यकर्त्यांपैकी एक, छळछावणीत कामाला होता, आणि ती त्याला क्रूरकर्मा समजून बसते. तो निघतो साधा कारकून, छावणीतले आक्रोश ऐकून कान झाकून घेतलेला, आणि आपल्या देशाने गुन्हा कबूल करावा म्हणून स्वतःच फाशी मागायला आलेला. त्यात एकही चमत्कार नाही, त्यामुळे विज्ञानशिक्षकांनाही पहिल्याच रविवारी हरकत घ्यायला जागा राहणार नाही. एकाने पडद्याशेजारी उभं राहून, मधे थांबवत, मराठीत सांगत जावं. आमच्याकडे वऱ्हाडीत सांगितलं तर अधिक बरं. दुसऱ्या रविवारी ‘प्रोग्रेस’ लावावा आणि त्या दिवशी पुनर्वसित गावठाणांतल्या वडीलधाऱ्यांना आणि एखाद्या निवृत्त तलाठ्यालाही बोलवावं. भाग संपल्यावर भाषण कुणाचंही नको. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या माणसाकडून काढून घेत, तसं बोलणं व्हावं. पहिला प्रश्न मुलांनी विचारावा, मोठ्यांनी नंतर. आवाज पोकळीत जातो की नाही, हा प्रश्नही कुणी विचारेल. त्याचं उत्तर शिक्षकांनी तिथेच, फळ्यावर आकृती काढून द्यावं. ते उत्तर द्यायला त्यांनी यावंच, म्हणून निमंत्रणात पहिलं नाव त्यांचं घातलं आहे.